स्टेरॉइडचं इंजेक्शन: तातडीच्या उपचारांतल्या एका सवयीचा इतिहास

आजचा विषय औषधाचा असला तरी व्याख्यान औषधशास्त्राचं नाही, इतिहासाचं आहे. तुमच्यात जे डॉक्टर बसलेत त्यांनी तपशील कमी पडला तर सांभाळून घ्यावं, आणि जे नाहीत त्यांनी शब्द अडला की खुशाल हात वर करावा.

एखाद्या मोठ्या रुग्णालयाची कॅज्युअल्टी डोळ्यांसमोर आणा. साल १९९० च्या आसपासचं, वेळ रात्रीची. पहिला रुग्ण दम्याचा, छाती भरलेली, वाक्य पूर्ण करता येत नाहीये. दुसऱ्याला गांधीलमाशी चावलीय, अंगभर पित्त उठलंय, ओठ सुजलेत. तिसरा मोटारसायकलवरून डोक्यावर पडलाय, बेशुद्ध आहे. या तिघांनाही एकाच कपाटातली, एकाच जातीच्या औषधाची कुपी फोडून टोचली जाण्याची बरीच शक्यता होती. ते औषध म्हणजे स्टेरॉइड. आज आपल्याला माहीत आहे की पहिल्याला त्याने खरोखर फायदा होतो. दुसऱ्याला जीव वाचवायला वेगळंच औषध लागतं. आणि तिसऱ्याला दिलं, तर त्याच्या मरणाची शक्यता वाढते. हे तिसरं कळलं २००४ मध्ये. तोपर्यंत साधारण तीस-चाळीस वर्षं ते डोक्याला मार लागलेल्यांना दिलं जात होतं, आणि देणारे निष्काळजी डॉक्टर नव्हते, उलट काळजी करणारे होते. हे कसं झालं, ते आज बघायचंय.

आधी एक घोळ मिटवू. व्यायामशाळेत दंड फुगवायला घेतात ती स्टेरॉइडं वेगळी, ती पुरुषी संप्रेरकांच्या कुळातली. आपण बोलतोय ती कॉर्टिकोस्टेरॉइडं. मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपीसारखी एक छोटी ग्रंथी असते, अधिवृक्क ग्रंथी. तिच्या बाहेरच्या सालीला कॉर्टेक्स म्हणतात, आणि या सालीतून जे पाझरतं त्याच्या कुळातली ही औषधं. आतल्या गाभ्यातून पाझरतं ते ॲड्रेनलिन. साल आणि गाभा, हा फरक लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

या ग्रंथीचं महत्त्व जगाला कळलं ते ती निकामी झाल्यावर. लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधल्या टॉमस ॲडिसनने १८५५ मध्ये अकरा रुग्णांचं वर्णन छापलं. माणूस हळूहळू गळत जातो, उलट्या होतात, कातडी काळवंडते आणि शेवटी मरतो. शवविच्छेदनात या ग्रंथींचा नाश झालेला दिसे, बऱ्याच वेळा क्षयाने. पुढच्याच वर्षी पॅरिसला ब्राउन-सेकार्डने प्राण्यांच्या या ग्रंथी काढून टाकल्या आणि प्राणी मेले. म्हणजे यात काहीतरी आहे ज्यावाचून जगता येत नाही. ते काय, हे शोधायला पुढची नव्वद वर्षं गेली.

गाभ्यातलं ॲड्रेनलिन लवकर हाती लागलं. जोकिची ताकामिने या जपानी रसायनतज्ज्ञाने १९०१ मध्ये अमेरिकेत ते शुद्ध रूपात मिळवल्याचं जाहीर केलं, आणि पार्क-डेव्हिस कंपनीने ते बाजारात आणलं. साल मात्र दाद देईना. मिनेसोटातल्या मेयो क्लिनिकमध्ये एडवर्ड केंडॉल नावाचा चिवट रसायनशास्त्रज्ञ होता. त्याने कत्तलखान्यांतून गुरांच्या ग्रंथी मागवल्या, टनांनी. परवडण्यासाठी त्याने एक व्यवहार केला, आणि मला तो फार आवडतो. पार्क-डेव्हिसने ग्रंथी पुरवायच्या, केंडॉलच्या माणसांनी गाभ्यातलं ॲड्रेनलिन काढून कंपनीला परत द्यायचं, आणि उरलेली साल स्वतःच्या कामाला ठेवायची. त्या सालीतून त्याने १९३० च्या दशकात एकामागून एक पदार्थ वेगळे केले आणि त्यांना अक्षरं दिली: ए, बी, ई, एफ. त्याच काळात स्वित्झर्लंडमध्ये टाडेउस राइकस्टाइन हेच करत होता. इतक्या ग्रंथींतून मिळे ते चिमूटभर. पुढे महायुद्धात अशी अफवा पसरली की जर्मन वैमानिकांना या ग्रंथींचा अर्क देऊन उंचावर उडवतात. अफवा खोटी होती, पण तिच्यामुळे अमेरिकन सरकारने या कामात रस घेतला. १९४४ मध्ये मर्क कंपनीच्या लुइस सॅरेटने गुरांच्या पित्तातल्या आम्लापासून, तीसहून जास्त पायऱ्या चढत, पदार्थ ई प्रयोगशाळेत तयार केला. युद्ध संपलं आणि मर्कपुढे प्रश्न उरला की हे महागडं द्रव्य द्यायचं कुणाला? ॲडिसनचा आजार तर दुर्मीळ.

उत्तर मिळालं मेयोतच. फिलिप हेंच हा तिथला संधिवाताचा डॉक्टर. १९२९ मध्ये त्याच्या लक्षात आलं की एका संधिवाताच्या रुग्णाला कावीळ झाली आणि सांधे दुखायचे थांबले. गरोदरपणातही बायकांचा संधिवात हटतो, हेही त्याला दिसलं. म्हणजे हा आजार न परतणारा नाही, शरीरातच एखादं द्रव्य आहे जे त्याला दाबतं. त्याला तो ‘एक्स’ म्हणत राहिला, वर्षानुवर्षं. शेवटी त्याने आणि केंडॉलने ठरवलं की पदार्थ ई करून बघू.

२१ सप्टेंबर १९४८. एकोणतीस वर्षांची एक बाई, संधिवाताने बिछान्याला खिळलेली. बाकीचे उपाय हरले होते आणि ती बरी झाल्याशिवाय घरी जायला तयार नव्हती. तिला १०० मिलिग्रॅमचं इंजेक्शन दिलं, रोज. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती स्वतःहून कुशीवर वळली, चालू लागली. आठवडा झाला तेव्हा ती गावात जाऊन दुकानांतून फिरून आली. १९४९ च्या वसंतात हे जगापुढे आलं, सोबत फिल्मही होती: आधी जिना चढता न येणारे रुग्ण, आणि मग तेच रुग्ण भरभर पायऱ्या चढताना. वर्तमानपत्रवाले पदार्थ ई आणि जीवनसत्त्व ई यांत गोंधळ करू लागले, म्हणून नाव दिलं ‘कॉर्टिसोन’. १९५० मध्ये केंडॉल, राइकस्टाइन आणि हेंच यांना नोबेल. पहिल्या इंजेक्शनपासून पारितोषिकापर्यंत फक्त दोन वर्षं!

मी इथे इतका वेळ घेतला, कारण माझ्या मते पुढच्या पन्नास वर्षांच्या चुका या फिल्ममधून निघाल्या. डॉक्टरांच्या एका पिढीने डोळ्यांनी चमत्कार पाहिला. जे औषध अपंगाला चालवतं ते आणखी काय करणार नाही? हेंच स्वतः सांगत होता की हा आजार बरा होत नाही, दबतो. औषध थांबलं की दुखणं परत येई, हे तिथेच दिसलं होतं. जास्त दिवस दिलं तर चेहरा चंद्रासारखा गोल होई, मन बिघडे, साखर वाढे. पण फिल्ममध्ये जिना होता, आणि लोकांच्या लक्षात तो राहिला.

आता हे औषध काम कसं करतं ते थोडक्यात, कारण त्याशिवाय पुढचा इतिहास कळणार नाही.

बहुतेक तातडीची औषधं पेशीच्या दारावरच्या घंटीसारखी असतात. ॲड्रेनलिन दारावर बसतं, घंटी वाजते, मिनिटांत रक्तवाहिन्या आवळतात, श्वासनळ्या मोकळ्या होतात. स्टेरॉइड चरबीत विरघळणारं आहे. ते दार ओलांडून सरळ घरात शिरतं, आत एका प्रथिनाला चिकटतं, आणि ती जोडगोळी पेशीच्या केंद्रकात जाऊन जनुकांपाशी काम करते. दाह पेटवणारी प्रथिनं बनवण्याचे हुकूम तिथे अडवले जातात, दाह शमवणाऱ्यांचे सुटतात. पण हुकूम अडवला म्हणून आधीच बनून बाहेर पडलेला माल परत येत नाही. तो संपायला वेळ लागतो, नवा व्हायलाही वेळ लागतो. म्हणून शिरेतून दिलं तरी मुख्य गुण यायला काही तास जातात. दुसरी गोष्ट, ही जनुकं शरीरातल्या जवळपास प्रत्येक पेशीत आहेत. त्यामुळे हे औषध सांध्यात काम करतं तसं यकृतात करतं, हाडात करतं, प्रतिकारशक्तीवरही करतं. एकाच ठिकाणी पाठवायची सोय नाही. आणि तिसरी गोष्ट, स्टेरॉइड असलं तरच रक्तवाहिन्या ॲड्रेनलिनला नीट प्रतिसाद देतात. ॲडिसनचे रुग्ण साध्या तापातही रक्तदाब कोसळून मरत, त्यामागे हेही एक कारण.

चमत्काराला पहिला तडा १९५२ मध्ये गेला. संधिवातासाठी बरेच महिने कॉर्टिसोन घेतलेल्या एका तरुण माणसाची शस्त्रक्रिया झाली आणि तो शॉकमध्ये जाऊन दगावला. शवविच्छेदनात त्याच्या अधिवृक्क ग्रंथी वाळून गेलेल्या निघाल्या. बाहेरून माल मिळतोय म्हटल्यावर शरीराने आपला कारखाना बंद केला होता. ऑपरेशनच्या ताणात शरीराला कॉर्टिसोल जास्त लागतं, ते द्यायला आत कुणीच नव्हतं. आज भूलतज्ज्ञ विचारतात ना, “स्टेरॉइडच्या गोळ्या चालू आहेत का, होत्या का?” त्या प्रश्नाची सुरुवात अशा मृत्यूंतून झाली. याच्या उलट उदाहरण जॉन केनेडींचं. त्यांना ॲडिसनचा आजार होता. १९५४ मध्ये न्यूयॉर्कला त्यांच्या पाठीची शस्त्रक्रिया झाली ती स्टेरॉइडचं कवच देऊन, आणि ते तगले. पुढच्या वर्षी वैद्यकीय नियतकालिकात ‘३७ वर्षांचा एक पुरुष’ म्हणून त्यांचीच केस छापून आली, नाव न घेता. कुणाच्या फारसं लक्षातही आलं नाही.

दम्याचं मी भरभर सांगतो, कारण तिथे गोष्ट सरळ आहे. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने १९५६ मध्ये गंभीर दम्याच्या झटक्यात कॉर्टिसोनची चाचणी केली. काही रुग्णांना औषध, काहींना दिसायला तसंच पण आत काही नसलेलं. फायदा दिसला. नंतर अनेक अभ्यासांनी तो पक्का केला. आणीबाणीच्या विभागात आल्यापासून तासाभराच्या आत स्टेरॉइड मिळालं तर दाखल करावं लागणाऱ्यांची संख्या घटते. लवकर द्यायचं ते याच कारणाने, की गुण उशिरा येतो. आणि गिळता येत असेल तर गोळी सलाईनइतकीच चालते, हे मात्र रुग्णाच्या नातेवाइकांना कधीच पटत नाही. आपल्याकडे सुई टोचल्याशिवाय उपचार झाल्यासारखं वाटत नाही!

गांधीलमाशीवाल्याचं काय? तीव्र ॲलर्जीत, म्हणजे ॲनाफिलॅक्सिसमध्ये, माणूस मिनिटांत जाऊ शकतो. घसा सुजतो, रक्तदाब कोसळतो. तिथे तासांनी गुण देणारं औषध काय कामाचं? तिथे हवं ॲड्रेनलिन, मोठ्या माणसाला अर्धा मिलिग्रॅम, मांडीच्या बाहेरच्या स्नायूत, ताबडतोब. म्हणजे बघा, एकाच ग्रंथीचा गाभा आणि साल, केंडॉलने ज्यांची वाटणी केली तेच दोघं, आणि आणीबाणीत कुणाला आधी बोलवायचं हा प्रश्न. दुर्दैवाने अनेक ठिकाणी साल आधी टोचली जाई आणि गाभा राहून जाई, कारण ॲड्रेनलिनची भीती वाटते, स्टेरॉइडची वाटत नाही. ब्रिटनच्या रिससिटेशन कौन्सिलने २०२१ च्या सूचनांत ॲनाफिलॅक्सिसच्या नेहमीच्या उपचारांतून स्टेरॉइड वगळलंच.

इथे कोकणातली एक गोष्ट सांगायलाच हवी. डॉ. हिंमतराव बावस्कर महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते तेव्हा लाल विंचवाच्या दंशाने लहान मुलं फुप्फुसांत पाणी भरून मरत. प्रचलित उपायांमध्ये स्टेरॉइडही असे. बावस्करांनी रुग्णांच्या खाटेशी बसून नोंदी केल्या. या दंशात शरीरात ॲड्रेनलिनच्या जातीच्या द्रव्यांचा पूर येतो, हे लक्षात घेऊन त्यांनी प्रॅझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी वापरली, आणि १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ते छापून आलं. मघाची तिसरी गोष्ट आठवा: स्टेरॉइड रक्तवाहिन्यांना ॲड्रेनलिनकडे अधिक संवेदनशील करतं. म्हणजे पूर आलेल्या घरात आणखी नळ सोडायचा. बावस्करांनी स्टेरॉइडच्या वापराला विरोध केला तो उगाच नव्हे.

आता शॉक. १९७६ मध्ये शिकागोच्या विल्यम शूमर यांनी जंतुसंसर्गाच्या शॉकमध्ये प्रचंड मोठ्या मात्रेत स्टेरॉइड देऊन मृत्यू ३८ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आल्याचं प्रसिद्ध केलं. १७२ रुग्ण, एकाच माणसाचं काम. जगभर मोठ्या मात्रेचा रिवाज पडला. १९८७ मध्ये अमेरिकेतल्या अनेक रुग्णालयांत मिळून केलेल्या दोन चाचण्या एकाच अंकात आल्या आणि दोन्हींत फायदा शून्य. तेव्हा लंबक दुसरीकडे गेला. मग पुन्हा थोड्या मात्रेत, जास्त दिवस, अशी कल्पना आली. २०१८ च्या ‘ॲड्रेनल’ चाचणीत ३,८०० रुग्ण होते. रोज २०० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन. शॉक लवकर उतरला, पण नव्वद दिवसांनी मृत्यूंत फरक नव्हता. आजही या प्रश्नावर अतिदक्षता विभागांत दोन डॉक्टर तीन मतं देतात.

आणि आता आपला तिसरा रुग्ण.

मेंदूच्या गाठीभोवती सूज येते. १९६१ मध्ये मिनेसोटा विद्यापीठातल्या गॅलिसिच आणि फ्रेंच यांनी दाखवलं की डेक्सामेथासोन दिल्यावर ही सूज उतरते, बेशुद्ध रुग्ण दिवस-दोन दिवसांत बोलू लागतात. हे अगदी खरं आहे, आजही खरं आहे. पण पुढची उडी बघा. गाठीची सूज ती सूज, आणि मार लागून आलेली सूज ती पण सूजच, मग तेच औषध द्या. किती साधं, किती पटणारं! छोट्या छोट्या चाचण्या झाल्या, कुणाला फायदा दिसला, कुणाला नाही. १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या निम्म्याहून जास्त ट्रॉमा केंद्रांत ते वापरलं जात होतं, ब्रिटनमध्ये फार कमी. दोन देश, एकच शास्त्र, आणि उपचार कुठल्या बाजूच्या किनाऱ्यावर अपघात झाला त्यावर.

पाठीच्या कण्याचंही असंच. १९९० मध्ये एका अमेरिकन चाचणीत सगळे रुग्ण मिळून फायदा नव्हता, पण आठ तासांच्या आत औषध मिळालेल्या गटात थोडा दिसला. शोधनिबंध छापून येण्याआधीच सरकारी संस्थेने डॉक्टरांना कळवलं. तो रिवाज झाला, आणि न दिल्यास कोर्टाची भीती. २०१३ मध्ये अमेरिकन न्यूरोसर्जनांच्याच सूचनांनी त्याविरुद्ध सल्ला दिला.

डोक्याच्या मारासाठी मात्र लंडनच्या इयन रॉबर्ट्स यांनी वेगळा विचार केला. आधीच्या सगळ्या चाचण्या एकत्र केल्या तर उत्तर असं येत होतं: कदाचित थोडा फायदा, कदाचित थोडा तोटा. छोट्या चाचणीत छोटा फरक दिसत नाही. पण जगात डोक्याला मार लागणारे लाखो आहेत, शंभरात दोघं वाचले तरी ती संख्या प्रचंड. मग मोठीच चाचणी करू, वीस हजारांची. तिचं नाव ‘क्रॅश’. १९९९ ला सुरू झाली, ४९ देश, २३९ रुग्णालयं. कॅज्युअल्टीत सारख्याच दिसणाऱ्या क्रमांकाच्या पेट्या. एकीत मेथिलप्रेडनिसोलोन, दुसरीत नुसतंच. उघडणाऱ्यालाही माहीत नाही कुठलीत काय. आठ तासांच्या आत सुरू करायचं, अठ्ठेचाळीस तास शिरेतून सोडायचं.

मे २००४ मध्ये आकड्यांवर लक्ष ठेवणाऱ्या स्वतंत्र समितीने चाचणी थांबवायला सांगितली. तोवर १०,००८ रुग्ण झाले होते. दोन आठवड्यांत औषध मिळालेल्यांपैकी १,०५२ मेले, न मिळालेल्यांपैकी ८९३. म्हणजे २१.१ टक्के विरुद्ध १७.९ टक्के. साधारण एकतीस जणांना औषध दिलं की एक जास्तीचा मृत्यू. कशामुळे? जंतुसंसर्ग, रक्तस्राव, एकही एकटं कारण स्पष्ट सापडलं नाही.

हा आकडा खाटेशी उभ्या असलेल्या डॉक्टरला दिसणं शक्यच नव्हतं, हे नीट समजून घ्या. डोक्याला जबर मार लागलेला माणूस मेला तर सगळे म्हणतात, मार जबर होता. वाचला तर म्हणतात, औषध वेळेवर मिळालं. तीस वर्षं अनुभव घेतला तरी शंभरातला तिघांचा फरक अनुभवाने कळत नाही. त्याला दहा हजार माणसं आणि मिटलेल्या पेट्याच लागतात.

शेवटचा टप्पा तुम्ही सगळ्यांनी जगलाय. कोविडच्या सुरुवातीला स्टेरॉइड द्यावं की नाही यावर कडाक्याचे वाद होते. प्रतिकारशक्ती दाबली तर विषाणू मोकाट सुटेल, हा एका बाजूचा युक्तिवाद. फुप्फुसं विषाणूने कमी आणि दाहाने जास्त जळतायत, हा दुसऱ्या बाजूचा. दोन्ही पटणारे. ऑक्सफर्डच्या ‘रिकव्हरी’ चाचणीने १६ जून २०२० ला उत्तर दिलं. रोज सहा मिलिग्रॅम डेक्सामेथासोन, जास्तीत जास्त दहा दिवस. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत मृत्यू ४१.४ टक्क्यांवरून २९.३ वर. नुसत्या ऑक्सिजनवर असलेल्यांत २६.२ वरून २३.३ वर. १९५० च्या दशकातलं, काही रुपयांना मिळणारं औषध! पण तिसरा गट होता, ज्यांना ऑक्सिजनची गरजच नव्हती. त्यांच्यात फायदा नव्हता. मृत्यू उलट औषधवाल्यांत थोडे जास्तच होते, १७.८ विरुद्ध १४.०.

बातमीत पहिली ओळ आली, तिसरी राहिली. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत ताप आल्याच्या दुसऱ्या दिवशी, घरीच, व्हॉट्सॲपवर फिरणारी चिठ्ठी बघून लोक स्टेरॉइड घेत होते, मात्राही दुप्पट-तिप्पट. आपल्याकडे मधुमेह घरोघरी. स्टेरॉइडने साखर चढली, प्रतिकारशक्ती पडली, आणि म्युकरमायकोसिस आला. नागपूर, पुणे, मुंबईच्या कान-नाक-घसा विभागांत लोकांचे जबडे आणि डोळे काढावे लागले. जुलै २०२१ पर्यंत देशात ४५ हजारांवर रुग्ण नोंदले गेले, त्यांत सर्वाधिक महाराष्ट्रात. सगळा दोष स्टेरॉइडचा नव्हता, पण मोठा वाटा होता.

वेळ संपत आलीय, एक प्रश्न घेतो. मागून विचारलंय: “आईला संधिवातासाठी तीन वर्षं रोज गोळी आहे. अपघात झाला, बेशुद्ध पडली, तर डॉक्टरांना कळणार कसं?”

चांगला प्रश्न आहे. ब्रिटनमध्ये २०२० पासून अशा रुग्णांना खिशात ठेवायचं एक कार्ड देतात. आपल्याकडे तुम्हीच करा. साध्या कागदावर औषधाचं नाव, रोजची मात्रा, कधीपासून चालू आहे, आणि डॉक्टरांचा फोन लिहा, आणि ते पाकिटात आधार कार्डाच्या मागे ठेवा. उलट्या होऊन गोळी पोटात टिकत नसेल तर वाट न बघता दवाखाना गाठायचा. आणि बरं वाटतंय म्हणून एका दिवसात गोळी बंद करायची नाही, डॉक्टरांना विचारून हळूहळू उतरवायची. १९५२ च्या त्या माणसाच्या खिशात असा कागद असता तरी त्याचा अर्थ वाचणारं तेव्हा कुणी नव्हतं. आता आहे.